गाव कोणत्या खान्यात?

देवगाव रंगारी कन्नड तालुक्यात येते. कन्नड छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, जिल्हा त्याच नावाच्या महसूल विभागात आणि विभाग महाराष्ट्रात. गावातल्या शाळकरी पोरालाही हे पाठ असते. संगणकाला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या हाती पडते ती एक लांबलचक यादी: प्रत्येक ओळीत एक नाव, एक क्रमांक आणि ‘मी अमक्याच्या खाली येतो’ एवढी नोंद. या सपाट यादीतून विभागाच्या पोटात जिल्हा, जिल्ह्याच्या पोटात तालुका, तालुक्याच्या पोटात गाव अशी उतरंड उभी करणे हे प्रोग्रामचे काम.

महाभूलेखवर सातबारा पाहताना आपण आधी जिल्हा निवडतो, मग तालुका, मग गाव. जिल्हा निवडताच खालच्या चौकटीत फक्त त्याच जिल्ह्याचे तालुके दिसतात. त्यामागे अशीच उतरंड असते. दुकानाच्या वेबसाइटवर ‘शेती – फवारणी – पंप’ असे आत आत जाणारे विभाग, ग्रंथालयातली ड्यूई दशांश पद्धत, प्राण्यांची कुळे आणि जाती यांचीही जात तीच. यादी कोणतीही असो, ती खान्यात आणि पोटखान्यात लावणारा कोड साधारण वीस-पंचवीस ओळींत बसतो. इतका लहान कोड चुकेल कसा, असे वाटते. या प्रकरणात आपण तो कुठे कुठे चुकतो आणि ती चूक टेस्ट लिहून आधीच कशी पकडायची, ते पाहणार आहोत.

चुकले तर काय बिघडते?

महाराष्ट्रात पावसाची नोंद महसूल मंडळानुसार होते. कन्नड तालुक्यात कन्नड, पिशोर, नाचनवेल, चापानेर, देवगाव रंगारी अशी मंडळे आहेत. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे धरतात आणि पंचनाम्याची, मदतीची चक्रे फिरू लागतात. पीकविम्यातही मुख्य पिकांसाठी महसूल मंडळ हाच एकक.

आता समजा, कोडने एक गाव शेजारच्या मंडळात टाकले. गावाचे नाव पडद्यावर दिसते, गावांची एकूण संख्या बरोबर येते, कुठेही लाल अक्षरात एरर येत नाही. पण पाऊस मोजला गेला एका मंडळात आणि गाव बसले दुसऱ्यात. मक्याचे उभे पीक पाण्यात गेलेल्या शेतकऱ्याचे नाव यादीत येत नाही, आणि का येत नाही हे तहसीलच्या खिडकीवर बसलेल्या माणसालाही सांगता येत नाही.

प्रोग्राम बंद पडला तर निदान कळते तरी. चुकीच्या खान्यात बिनबोभाट ठेवलेली वस्तू मात्र कुणी शोधायला जाईपर्यंत सापडत नाही. म्हणून या प्रकारच्या कोडला ‘चालतोय ना?’ एवढे विचारून भागत नाही. ‘कोण कुठे बसले?’ हे ओळीओळीने विचारावे लागते.

यादीतून झाड

जवळून पाहू. समजण्यापुरते क्रमांक आपणच देऊ. ओळ ज्याच्या खाली येते तो तिचा पॅरेंट:

१ – छत्रपती संभाजीनगर – विभाग – पॅरेंट नाही
२ – छत्रपती संभाजीनगर – जिल्हा – पॅरेंट १
३ – कन्नड – तालुका – पॅरेंट २
४ – देवगाव रंगारी – मंडळ – पॅरेंट ३
५ – देवगाव रंगारी – गाव – पॅरेंट ४

(प्रत्यक्षात जिल्हा आणि तालुका यांच्यामध्ये उपविभाग असतो, मंडळ आणि गाव यांच्यामध्ये सज्जा असतो. सोय म्हणून ते गाळले आहेत.)

प्रोग्रामरांच्या भाषेत अशा रचनेला ट्री म्हणतात. प्रत्येक ओळ म्हणजे एक नोड. ज्याला पॅरेंट नाही तो रूट, ज्याच्या खाली कुणी नाही ते लीफ. कोड वरून खाली एकेक ओळ वाचतो, तिचा पॅरेंट शोधतो आणि ती त्याच्या खाली टांगतो. पाच ओळींची यादी दिली, पाच पातळ्यांचा ट्री मिळाला. टेस्ट पास.

टेस्ट म्हणजे तरी काय? ठरावीक यादी कोडला द्यायची, येणारे उत्तर आपल्याजवळच्या अपेक्षित उत्तराशी ताडून पाहायचे आणि जुळले नाही तर बोंब ठोकायची, एवढे काम करणारा आणखी एक छोटा प्रोग्राम. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिचहून अटलांटाला जाताना विमानात जे-युनिट या साधनाचा पहिला अवतार लिहिला. तेव्हापासून अशा टेस्टा कोडच्या शेजारीच ठेवून, कोडमध्ये काहीही बदलले की सगळ्या पुन्हा चालवायच्या, ही रीत जावा वापरणाऱ्यांत रुजली आणि पुढे इतर भाषांतही पसरली. साधन सोपे आहे. अवघड आहे ते कोणती यादी द्यायची हे ठरवणे.

नशिबाने पास झालेली टेस्ट

वरच्या कोडमध्ये एक खोट आहे. तो पॅरेंट शोधतो, पण कुठे शोधतो? आतापर्यंत वाचलेल्या ओळींमध्ये. म्हणजे पॅरेंटची ओळ आधी आणि पोराची नंतर, असा क्रम त्याने मनाशी गृहीत धरला आहे. आपण यादी तशीच दिली, म्हणून खोट दिसली नाही.

आता पुण्यातल्या एखाद्या कंपनीत बसलेला, मूळचा याच जिल्ह्यातला प्रोग्रामर डोळ्यांपुढे आणा. साल २०२२. तो टेस्टसाठी आपल्याच जिल्ह्याची यादी घेतो: एक जिल्हा आणि नऊ तालुके, मराठी अकारविल्हे. यादी अशी येते: औरंगाबाद जिल्हा, औरंगाबाद तालुका, कन्नड, खुलताबाद, गंगापूर, पैठण, फुलंब्री, वैजापूर, सिल्लोड, सोयगाव. वर्णमालेत स्वर आधी, व्यंजने मागाहून. त्यामुळे ‘औ’ने सुरू होणारा जिल्हा आपोआप सगळ्यांच्या वर बसतो. नऊच्या नऊ तालुके बरोबर टांगले जातात. टेस्ट हिरवी.

फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या नामांतराला केंद्राची मंजुरी मिळाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये विभाग, जिल्हा, उपविभाग आणि तालुका यांची नावेही अधिसूचनेने बदलली. कोडची एक ओळही कुणी बदललेली नाही. फक्त यादीतले नाव बदलले आणि यादी पुन्हा अकारविल्हे लागली: कन्नड, खुलताबाद, गंगापूर, मग छत्रपती संभाजीनगर जिल्हा, आणि बाकीचे पुढे. कोड कन्नडची ओळ वाचतो आणि पॅरेंट शोधतो, पण तो अजून आलेलाच नाही. क, ख आणि ग या तीन अक्षरांचे तीन तालुके अनाथ होतात. काही कोड अशा अनाथांना गुपचूप गाळून टाकतात, काही त्यांना थेट रूटवर नेऊन ठेवतात. पैठण, वैजापूर, सिल्लोड मात्र जागच्या जागी. ‘तीनच तालुके का गायब?’ या कोड्यावर एखादा दिवस सहज जातो, कारण संशय नामांतराच्या डेटावर घेतला जातो आणि खोट पहिल्या दिवसापासून कोडमध्ये असते.

नमुना थोडा लांबून घेतला असता तर हे तेव्हाच कळले असते. जालना जिल्ह्यातला अंबड वर्णमालेत जालन्याच्या आधी येतो, सोलापुरातला अक्कलकोट सोलापूरच्या आधी. गावे घेतली असती तर कन्नड तालुक्यातल्याच अंधानेरने पहिल्या फटक्यात काम केले असते. आपल्या ओळखीचा, सोयीचा नमुना घेतला की टेस्ट आपल्यालाच साथ देते, कोडला जाब विचारत नाही.

यावर उपाय दोन. कोडमधला उपाय असा: यादी दोनदा वाचायची. पहिल्या फेरीत सगळे नोड क्रमांकाप्रमाणे नोंदवायचे, दुसऱ्या फेरीत टांगायचे. टेस्टमधला उपाय असा: यादी पत्त्यांसारखी पिसून द्यायची आणि ट्री दर वेळी तोच येतो का ते पाहायचे. दहा ओळी ३६ लाख २८ हजार ८०० प्रकारे मांडता येतात. त्यांपैकी जिल्हा सगळ्यांत वर असण्याचे प्रकार ३ लाख ६२ हजार ८८०, म्हणजे दहात एक. एकदा पिसले तर ही खोट सापडण्याची शक्यता ९० टक्के. पाच वेळा पिसूनही ती निसटण्याची शक्यता लाखात एक.

स्वतःचाच बाप

वरची पाच ओळींची यादी पुन्हा पाहा. छत्रपती संभाजीनगर हे नाव विभागाचे आहे आणि जिल्ह्याचेही. तालुक्याचे आणि महापालिकेचेही तेच. देवगाव रंगारी हे गाव आहे, त्याच नावाचे महसूल मंडळ आहे आणि त्याच नावाचे पोलीस ठाणेही आहे. माणसाला यात काही अडत नाही. ‘देवगाव रंगारीला गुन्हा दाखल झाला’ म्हटले की ठाणे, ‘देवगाव रंगारीला ७० मिलिमीटर’ म्हटले की मंडळ.

पण पॅरेंट क्रमांकाने न शोधता नावाने शोधणारा कोड असेल, तर? ‘देवगाव रंगारी’ गावाचा पॅरेंट ‘देवगाव रंगारी’. कोड शोधतो आणि सापडते तेच गाव. गाव स्वतःच्याच खाली टांगले जाते. मग कुणी गावापासून वर चढत जिल्हा शोधू लागले, की गावावरून गाव, गावावरून गाव अशी प्रदक्षिणा सुरू होते. फंक्शन स्वतःलाच हाक मारत असेल तर पायथॉनसारखी भाषा साधारण हजार फेऱ्यांनंतर हात जोडते. साधा लूप असेल तर तो थांबतच नाही.

याला सायकल म्हणतात आणि ती एकाच नोडची असते असे नाही. क चा पॅरेंट ख, ख चा ग आणि ग चा पुन्हा क, अशी तिघांची साखळीही डेटा भरताना होते. म्हणून टेस्टमध्ये मुद्दाम बिघडवलेल्या याद्या ठेवाव्या लागतात: स्वतःचाच पॅरेंट असलेली ओळ, तिघांची साखळी, यादीत नसलेल्या पॅरेंटकडे बोट दाखवणारी ओळ, एकच क्रमांक दोनदा, दोन रूट, एकच ओळ आणि अगदी रिकामी यादी. यांतल्या प्रत्येकीसाठी कोडने काय करायचे हेही आधी ठरवावे लागते. अनाथ ओळ आली तर थांबायचे, की ती वेगळी काढून पुढे जायचे? दोन्ही उत्तरे चालतील. ठरवलेच नाही आणि कोडला जे सुचले ते झाले, हे मात्र चालणार नाही.

टेस्ट लिहिण्याचा एक फायदा इथे कळतो. ‘अनाथाचे काय करायचे?’ हा प्रश्न कोड लिहिताना कुणाला पडलेलाच नसतो. टेस्टमध्ये ‘अपेक्षित उत्तर’ ही जागा रिकामी दिसली की तो टाळता येत नाही.

नावाने शोधू नये, क्रमांकाने शोधावे हे खरे. पण क्रमांकही बिलंदर असतात. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांना ०१ पासून क्रमांक होते. नंदुरबार ०१, औरंगाबाद १९. २०११ मध्ये देशभरातल्या ६४० जिल्ह्यांना सलग क्रमांक दिले गेले आणि नंदुरबार झाले ४९७, औरंगाबाद ५१५. एकाच जिल्ह्याचे दोन जनगणनांतले दोन क्रमांक. त्यात २००१ ची फाइल एक्सेलमध्ये उघडली की ‘०१’चे ‘१’ होऊन बसते आणि नंदुरबारचे तालुके ‘०१’ला शोधत फिरतात. पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत जिल्ह्याला आणखी वेगळा क्रमांक असतो. म्हणून क्रमांकासोबत तो कुठल्या यादीतला आणि कुठल्या सालचा हेही जपावे लागते, आणि पुढे शून्य असलेला एक तरी क्रमांक टेस्टमध्ये ठेवावाच लागतो.

एक अनुस्वार, एक ळ

क्रमांकच नसलेल्या याद्याही येतात. जुने दप्तर टाइप करून घेतलेले असते, तिथे नावावरच भिस्त. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले आणि शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले लेखननियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. ‘देवगांव’चे ‘देवगाव’ झाले. दप्तरांत, पाट्यांवर आणि लोकांच्या हातात मात्र ‘गांव’ राहिलेच. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच. संगणकाच्या दृष्टीने ‘देवगाव’ ही सहा चिन्हांची माळ आणि ‘देवगांव’ सात चिन्हांची. त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावे.

मग कुणीतरी शहाणपणा करतो आणि जुळवणीआधी सगळे अनुस्वार काढून टाकायची ओळ कोडमध्ये घालतो. देवगांवचे देवगाव होते खरे, पण सोबत रंगारीचे ‘रगारी’ होते. पहिला अनुस्वार जायला हवा, दुसरा राहायला हवा. ‘देवगांव रंगारी’ या एका नावात दोन्ही अटी आहेत, म्हणून टेस्टच्या दृष्टीने हे नाव सोन्यासारखे. दोन शब्दांमध्ये दोनदा दाबलेला स्पेसबार आणि नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, या दोन गोष्टीही त्याच टेस्टमध्ये घालाव्यात. डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका याच.

उलट्या बाजूनेही सैलपणा नडतो. नाव जुळत नाही म्हणून पहिला शब्दच तेवढा पाहावा, तर देवगाव नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातही आहे. बुद्रुक आणि खुर्द ही जोडगावे तर एका तालुक्यात शेजारी शेजारी असतात. त्यांच्या नावातला दुसरा शब्द टाकला की दोन ग्रामपंचायतींचा हिशेब एकात मिसळतो. म्हणून ‘जुळले पाहिजे’ अशी एक टेस्ट लिहिली की ‘जुळता कामा नये’ अशी दुसरीही लिहावी लागते. दुसरी लिहायला लोक विसरतात.

खान्यात बसवल्यावर प्रत्येक खान्यातली नावे क्रमाने लावायची असतात. इथे मराठीची स्वतःची एक अडचण आहे. मालेगाव, मावळ, माहूर आणि माळशिरस हे चार तालुके घ्या. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून माळशिरस सगळ्यांत शेवटी. संगणकाला नुसते ‘लाव’ म्हटले तर तो मालेगावनंतर लगेच माळशिरस ठेवतो आणि मावळ, माहूर मागे ढकलतो. कारण युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ल ला लागून आहे. युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली ‘इस्की’ या भारतीय मानकावरून, आणि इस्कीत सगळ्या भारतीय लिप्यांची अक्षरे एका सामाईक तक्त्यात बसवलेली होती. त्या तक्त्यात ल च्या शेजारी ळ सोयीचा होता. मराठी शब्दकोशाचा क्रम हवा असेल तर मराठीचे क्रमनियम वेगळे सांगावे लागतात, आणि ते सांगितले गेले आहेत की नाही हे तपासायला या चार तालुक्यांची एक टेस्ट पुरते. गट क्रमांकांचे असेच. मजकूर म्हणून लावले तर १० हा २ च्या आधी येतो, आणि सातबाऱ्याच्या यादीत माणूस आपला गट शोधत बसतो.

उत्तर माहीत नसताना तपासणे

आतापर्यंतच्या प्रत्येक टेस्टमध्ये आपल्याला उत्तर आधीच ठाऊक होते. दहा-वीस ओळींपर्यंत हे जमते. राज्यातली चाळीस हजारांहून जास्त गावे आली की अपेक्षित ट्री हाताने लिहिणे शक्य नसते. मग काय?

कोएन क्लासन आणि जॉन ह्यूज या दोन संशोधकांनी २००० मध्ये क्विकचेक हे साधन मांडले. त्यामागची युक्ती अशी: उत्तर सांगू नका, उत्तराने पाळायचे नियम सांगा. साधन स्वतःच शेकडो वेड्यावाकड्या याद्या तयार करते, कोडला देते आणि नियम मोडला जातो का ते पाहते. मोडला, की ती यादी छाटत छाटत लहान करते आणि चूक दाखवणारी छोटीशी यादी हातात ठेवते. चारशे ओळींतली चूक तीन ओळींत दिसली की दुरुस्ती सोपी होते.

खाने-पोटखान्यांच्या कोडसाठी असे नियम बरेच सापडतात. यादीत जितक्या ओळी, ट्रीत तितकेच नोड. एक कमी नाही, एक जास्त नाही. रूट सोडून प्रत्येकाला पॅरेंट एकच. कोणत्याही गावापासून वर चढत गेले की ठरावीक पायऱ्यांत रूट लागलाच पाहिजे. गावाच्या वर मंडळ असू शकते, मंडळाच्या वर गाव असू शकत नाही. यादी पिसली तरी ट्री बदलत नाही. ट्री पुन्हा सपाट करून यादी केली तर मूळच्याच ओळी परत मिळतात. हे सगळे नियम कोणते गाव कुठे आहे हे ठाऊक नसतानाही तपासता येतात.

पण त्यांची मर्यादा ओळखली पाहिजे. सगळे नियम पाळूनही ट्री चुकीचा असू शकतो. देवगाव रंगारीची ओळ डेटा भरतानाच चापानेर मंडळाखाली टाकली गेली असेल तर नोड तितकेच, पॅरेंट एकच, पायऱ्या तेवढ्याच. ट्री निर्दोष, फक्त खोटा. म्हणून नियमांच्या जोडीला हाताने पारखलेली थोडी गावे लागतातच, आणि ती निवडावी सीमेवरची: तालुक्याच्या कडेची, नाव बदललेली, एका मंडळातून दुसऱ्यात गेलेली. मधल्या शंभर गावांपेक्षा कडेची पाच गावे जास्त बोलतात.

झाडे अनेक असतात

शेवटचा धडा सगळ्यांत महाग पडतो, कारण तो कोडमध्ये दिसत नाही. आपण मानले की एका गावाची उतरंड एकच. तशी ती नसते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण आहेत. पण याच नावांचे तीन विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभा मतदारसंघात मोडतात. महसुलाच्या ट्रीत पैठणच्या वर छत्रपती संभाजीनगर, निवडणुकीच्या ट्रीत पैठणच्या वर जालना. दोन्ही बरोबर. ‘लोकसभा मतदारसंघ म्हणजे जिल्हाच’ असे धरून लिहिलेला कोड कन्नडसाठी ठीक उत्तर देतो आणि पैठणला फसतो. नामांतराची गंमत इथेही आहे. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, तरी २०२४ ची लोकसभा निवडणूक ‘औरंगाबाद’ मतदारसंघ याच नावाने झाली. म्हणजे यादीत जिथे दिसेल तिथे ‘औरंगाबाद’ बदलून टाका असा हुकूम दिला, तर मतदारसंघही बदलतो आणि देशभराची यादी असेल तर बिहारमधला औरंगाबाद जिल्हाही.

काळाप्रमाणेही ट्री बदलतो. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. जालना १ मे १९८१ ला वेगळा जिल्हा झाला. त्याआधीच्या कागदांत जालना आणि अंबड औरंगाबाद जिल्ह्यातच सापडतील. २०११ च्या जनगणनेत राज्याचे जिल्हे ३५. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि ते ३६ झाले. ‘जिल्हे ३६ असलेच पाहिजेत’ अशी टेस्ट लिहिणाऱ्याच्या हाती २०११ ची फाइल आली तर टेस्ट लाल होईल, आणि त्यात ना कोड चुकला असेल ना फाइल. त्या टेस्टला तारीख जोडलेली नव्हती. गाव कोणत्या खान्यात हा प्रश्न अर्धाच आहे. कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला, हे विचारल्यावर तो पुरा होतो.

अपेक्षित उत्तर कोण सांगणार?

एड्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास बजावले होते की टेस्ट चुका आहेत हे दाखवू शकतात, चुका नाहीत हे कधीच दाखवू शकत नाहीत. हे खरे आहे, पण त्यावरून टेस्ट निरर्थक ठरत नाहीत. चूक सापडली की ती दाखवणारी छोटी यादी कायमची टेस्टमध्ये ठेवायची, म्हणजे तीच चूक सहा महिन्यांनी नव्या माणसाच्या हातून परत आली तर त्याच दिवशी कळते. क, ख, ग तालुक्यांची यादी, देवगांव-देवगावची जोडी, पैठणचे दोन पॅरेंट अशा नोंदी साठत गेल्या की टेस्टांचा तो संच त्या विषयाचे दप्तर होऊन बसतो.

या प्रकरणातली उदाहरणे पुन्हा नजरेखालून घाला. कोडिंगच्या पुस्तकात सापडेल असे त्यात थोडेच आहे. बाकीचे ठाऊक असते ते तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, मंडळ अधिकाऱ्याला, मतदारयादी हाताळलेल्या शिक्षकाला, आणि आपले गाव कोणत्या मंडळात मोजले जाते याकडे पावसाळाभर लक्ष ठेवून असलेल्या शेतकऱ्याला. प्रोग्रामर कोड लिहील आणि टेस्टचे यंत्रही उभारील. पण ‘अपेक्षित उत्तर’ हा रकाना त्याने स्वतःच्याच कोडचे उत्तर चिकटवून भरला, तर कोड स्वतःच्याच चुकीवर शिक्का मारतो आणि टेस्ट जन्मभर हिरवी राहते. तो रकाना गाव ओळखणाऱ्या माणसाने भरायचा असतो. टेस्टसाठी दहाच नावे निवडायची असतील, तर तहसीलमध्ये फोन करून ‘तुमच्याकडे कुठल्या गावांचा नेहमी घोळ होतो?’ एवढे विचारावे. दहा नावे पहिल्या दोन मिनिटांत मिळतील.